जॉइंट मजबूत, पण कुठे?
लेखात इलेक्ट्रॉन बीमने (व्हॅक्यूममध्ये सोडलेल्या इलेक्ट्रॉनच्या झोताने) वेल्ड केलेल्या हाय स्ट्रेंथ स्टीलचा जॉइंट ‘मूळ प्लेटइतकाच मजबूत’ असं एका ओळीत उरकलंय, पण मायक्रोस्ट्रक्चर, म्हणजे धातूची आतली बारीक रचना, बघा की राव. बीम बारीक, हीट कमी, बाजूची थंड प्लेट ती क्षणात ओढून घेते, म्हणून मधे मार्टेन्साइट होतं, स्टीलचं कडक पण ठिसूळ रूप. क्वेंच-टेंपर (तापवून झटकन थंड केलेल्या आणि पुन्हा बेताने तापवलेल्या) प्लेटमध्ये त्याच्या शेजारीच एक नरम पट्टा राहतो, तो अरुंद असतो म्हणून टेन्साइलला (ओढून तोडायच्या टेस्टला) निभावतं. चार्पीत (हातोड्याच्या फटक्याने तुकडा तोडून चिवटपणा मोजायच्या टेस्टमध्ये) तर वेल्ड इतका अरुंद की तडा भलतीकडे प्लेटमध्ये शिरू शकतो आणि आकडे उगाच छान येतात, त्यामुळे तुकडा कुठून तुटला ते बघितल्याशिवाय मी तरी सही करणार नाही.

व्हॅक्यूममुळे हायड्रोजनची कटकट (तो वेल्डमध्ये शिरला की क्रॅक जातात) जवळपास नाही हे मात्र खरंच सुख, आमच्या रत्नागिरीत जुलैमध्ये साध्या आर्क वेल्डिंगचे ७०१८ चे रॉड ओव्हनबाहेर राहिले की ओल धरतात, मग बसा क्रॅक शोधत. आणि प्लेट मॅग्नेट क्रेनने उचललेली असेल तर आधी डीमॅग्नेटाइज करा, नायतर बीम सरकतो, वरून बीड झकास आणि खाली सांधा कोराच.

बाकी बोटीच्या अख्ख्या हलला (सांगाड्याला) पुरेल एवढा व्हॅक्यूम चेंबर कुठून आणायचा ते लेखकानेच सांगावं 😄