पश्चात्ताप करा, पण हिशेबात

पश्चात्ताप रोजचा आहे, हे प्रोटेस्टंट पंथाचे जनक ल्यूथरसाहेब १५१७ सालीच सांगून बसलेत. ९५ कलमांतलं त्यांचं पहिलंच कलम: विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्य पश्चात्तापाचं असावं. आता रोजचंच काम म्हटल्यावर ते अंगाला लावून न घेता उरकायची हातोटी हवी.

सुरुवात रश्श्यापासून करा. ईस्टरआधीचे उपवास सुरू होतात त्या राखेच्या बुधवारी तांबडा-पांढरा सोडल्याचं चारचौघांत सांगा. कोल्हापुरात माणसानं याहून मोठं काही सोडावं अशी कुणाचीच अपेक्षा नसते. बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस भरतात. मधले सहा रविवार उपवासात धरत नाहीत, म्हणून ४०. सवलत परंपरेनंच दिलेली आहे. तेव्हा उपासनेहून येताना मटणाच्या दुकानापुढं रांगेत उभं राहायला लाजू नका. फक्त पाळकसाहेबांच्या पुढं घुसू नका.

पापकबुली मात्र ठोकच करावी, किरकोळीत जाऊ नये. ‘विचाराने, शब्दाने आणि कृतीने’ म्हटलं की त्यात सगळं मावतं. शाहूपुरीतल्या भाडेकरू पोराचं डिपॉझिटसुद्धा मावतं. गडहिंग्लजकडचं पोरगं, शिकायला आलेलं. खोली सोडताना रंगाचे, नळाच्या तोटीचे आणि कॅलेंडरच्या खिळ्यानं पडलेल्या भोकाचे म्हणून वीस हजारांतले अकरा तुम्ही कापून घेतले. रंग अजून लागलेला नाही, तोटी अजून गळतीय. प्रार्थनेत यातलं काही काढू नका. ‘प्रभो, आम्ही केवळ माती आहो’ म्हणा आणि ‘माती’वर आवाज जरा कापरा करा. मागच्या बाकावरून ‘आमेन’ येतंच.

शास्त्राचा आधार लागलाच तर बायबलातलं ५१ वं स्तोत्र आहे. दावीद राजा म्हणतो, ‘तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केले आहे.’ झालं, प्रकरण थेट वर वर्ग झालं! ज्याची बायको घेऊन दाविदानं ज्याला लढाईत मारवलं, त्या उरीयाच्या घरच्यांनी मध्ये बोलायचं कारणच उरलं नाही. त्या पोराचा फोन आला तर उचलू नका. तुमचं देवाशी मिटलंय, त्याला काय कळतंय?

जक्कयाची गोष्ट रविवारच्या शाळेत पोरांना जरूर शिकवा, पण बेतानं. बुटका जकातदार उंबरावर चढतो, येशू त्याच्या घरी उतरतो, इथपर्यंत फार गोड आहे. पुढं तो उठून अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि लुबाडलेलं चौपट परत करायचं कबूल करतो. अकराचे चव्वेचाळीस! असले आकडे लहान मुलांच्या डोक्यात भरवू नयेत. घंटा उंबरापाशीच वाजवा आणि बिस्किटं वाटा.

राहता राहिली ती मत्तयाच्या शुभवर्तमानातली अट: वेदीपाशी अर्पण तसंच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. ही जरा जड जाते, कारण भाऊ दोनच बाकं पुढं बसलेला असतो आणि कागलच्या रानावरून बोलणं बंद आहे. त्यासाठी व्हॉट्सॲप आहे. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला), तीन तासांची उपासना संपवून घरी आलात की मंडळीच्या ग्रुपवर टाका: ‘कळत-नकळत कुणाचे मन दुखावले असल्यास क्षमा असावी.’ खाली दोन जोडलेले हात. नाव कुणाचं घालू नका, नाहीतर तो उत्तर द्यायचा. त्यानं नुसता अंगठा दाखवला की समेट झाला असं धरून चला. सात-बारा आहे तसाच राहू द्या.