बेंझिनचा संदेश आणि एसीतला कुबट वास

"गाडीत बसल्याबरोबर एसी लावू नका, आधी काचा उघडा" या वाक्याने सुरू होणारा एक संदेश पंधरा वर्षांहून अधिक काळ फोनाफोनांतून फिरत आहे. मूळचा तो इंग्रजी. ऊन तापू लागले की तो हमखास परत येतो, आणि या खेपेला तो मराठी होऊन आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या गटावर आला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: गाडीचा डॅशबोर्ड, सीट आणि एअर फ्रेशनर यांतून बेंझिन हे कर्करोगकारक रसायन बाहेर पडते, तापलेल्या प्लॅस्टिकचा वास येतो तो त्याचाच, बंद जागेत बेंझिनची मान्य पातळी दर चौरस फुटाला ५० मिलिग्रॅम असते, पण सावलीत काचा लावून ठेवलेल्या गाडीत ती ४०० ते ८०० आणि ६० अंश फॅरनहाइटच्या वर उन्हात ठेवलेल्या गाडीत २००० ते ४००० मिलिग्रॅम, म्हणजे मान्य पातळीच्या ४० पट होते, त्यातून रक्तक्षय, रक्ताचा कर्करोग आणि गर्भपात होतो, आणि हे विष शरीराला बाहेर टाकता येत नाही. मराठी अवतारात कोणीतरी शेवटी एक ओळ जोडली आहे: एसीच्या जाळीतून विचित्र वास येत असेल तर बेंझिन साचले आहे असे समजावे आणि एसीचा गॅस बदलून घ्यावा. मला ही जोडलेली ओळ सर्वांत उपद्रवी वाटते, पण तिच्याकडे येण्याआधी वरचे मुद्दे पाहावे लागतील.

पहिली गोष्ट एककाची. हवेतील बाष्प दर घनमीटरला किती मिलिग्रॅम असे किंवा दशलक्ष भागांतील भागांत, म्हणजे पीपीएममध्ये मोजले जाते. चौरस फूट हे क्षेत्रफळाचे माप आहे; मुंबईत त्या मापाने जागा विकली जाते, हवा अद्याप विकली जात नाही. दर चौरस फुटाला इतके मिलिग्रॅम अशी बेंझिनची मर्यादा कोणत्याही देशाच्या नियमांत असू शकत नाही, कारण छताची उंची सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थच येत नाही. भारतात २००९ साली अधिसूचित झालेल्या परिसर हवेच्या राष्ट्रीय मानकांनुसार बेंझिनची वार्षिक सरासरी मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे, आणि मायक्रोग्रॅम हा मिलिग्रॅमचा हजारावा भाग असतो. संदेशातील गणितही संदेशाच्याच आकड्यांशी जुळत नाही: ५० च्या ४० पट २००० होतात, ४००० म्हणजे ८० पट. इतक्या वर्षांत इतक्या लोकांनी तो पुढे पाठवला आणि हा भागाकार कोणी केला नाही, याचे मला संदेशापेक्षाही अधिक नवल वाटते.

एकक सोडून देऊन आकडा संपूर्ण गाडीतल्या हवेचा आहे असे उदारपणे मानले तरी तो टिकत नाही. साध्या मोटारीच्या केबिनमध्ये साधारण ३ घनमीटर हवा असते. तीत ४००० मिलिग्रॅम बेंझिन असेल तर घनमीटरला १३०० मिलिग्रॅमच्या वर, म्हणजे ४०० पीपीएमच्या आसपास पातळी होईल. अमेरिकेत कारखान्यातील कामगारांसाठी आठ तासांची मर्यादा १ पीपीएम आहे. याउलट प्रत्यक्ष मोजमाप उपलब्ध आहे. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातील संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक नवी आणि एक तीन वर्षे वापरलेली गाडी प्रखर दिव्यांखाली ६५ अंश सेल्सियसपर्यंत तापवून आतली हवा तपासली होती. नव्या गाडीत सगळ्या सेंद्रिय बाष्पांची मिळून बेरीज घनमीटरला सुमारे ११ मिलिग्रॅम भरली आणि जुन्या गाडीत सुमारे १.२. ही बेरीज सर्वांची आहे, एकट्या बेंझिनची नव्हे. त्या हवेचा पेशींवर विषारी परिणाम दिसला नाही. नव्या गाडीच्या हवेने ॲलर्जीची प्रतिक्रिया किंचित वाढू शकते, एवढी एक नोंद मात्र त्यात आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही.

तापमानाच्या मुद्द्यावर मुंबईकराने फार वेळ घालवू नये. ६० अंश फॅरनहाइट म्हणजे साडेपंधरा अंश सेल्सियस. आपल्याकडे पारा त्याच्या खाली उतरला तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी येते. म्हणजे संदेश खरा धरला तर वर्षभर, अगदी जानेवारीतसुद्धा, शहरात उन्हात उभी असलेली प्रत्येक गाडी विषारी ठरते.

तापलेल्या प्लॅस्टिकचा वास म्हणजे बेंझिन, हे समीकरणही चुकीचे आहे. नव्या गाडीचा वास हा प्लॅस्टिक, डिंक, रंग आणि सीटच्या कापडातून सुटणाऱ्या अनेक बाष्पांचे मिश्रण असते, आणि गाडी जुनी होते तसा तो ओसरतो. बेंझिनचा स्वतःचा वास गोडसर असतो, आणि नाकाला तो जाणवू लागतो तेव्हा पातळी बहुधा १ पीपीएमच्या वर गेलेली असते. त्यामुळे वास येतो म्हणून धोका आणि येत नाही म्हणून सुरक्षित, असा निवाडा नाकावर सोपवता येत नाही. रस्त्यावरच्या गाडीत बेंझिन असते, पण त्याचा मुख्य उगम पेट्रोल आणि धूर हा आहे. भारत स्टेज ६ या प्रदूषण-मानकाच्या पेट्रोलमध्येही आकारमानाने १ टक्क्यापर्यंत बेंझिन चालते. तेव्हा सायनच्या कोंडीत पुढच्या वाहनाच्या धुराड्यामागे उभे असताना संदेशाचा सल्ला पाळून काचा उघडणारा माणूस ज्याला घाबरतो तेच आत घेत असतो.

रोगांच्या यादीत बऱ्याच अंशी तथ्य आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने बेंझिनला पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या पदार्थांत ठेवले आहे, आणि दीर्घकाळ संपर्कात राहिलेल्या कामगारांमध्ये अस्थिमज्जेवर परिणाम होऊन रक्तक्षय व रक्ताचा कर्करोग झाल्याचे पुरावे आहेत. मात्र शरीर ते बाहेर टाकू शकत नाही हे खरे नाही. यकृतात त्याचे रूपांतर होते आणि बहुतेक भाग ४८ तासांत लघवीवाटे निघून जातो. अपाय होतो तो या रूपांतरातून तयार होणाऱ्या पदार्थांमुळे, आणि तो पुन्हापुन्हा, मोठ्या मात्रेत संपर्क आल्याने.

आता ती जोडलेली ओळ. एसीत फिरणारा गॅस, बहुतेक गाड्यांत आर-१३४ए, बंद नळ्यांमध्ये असतो आणि त्याला जवळजवळ वास नसतो. तो कमी झाला तर हवा गार येत नाही. वास येत नाही. हवा पूर्वीइतकीच गार असेल आणि वास येत असेल, तर गॅस भरून घेणे म्हणजे दात दुखतो म्हणून चष्मा बदलणे आहे. वास कुठून येतो हे शोधायचे तर तो कसा आहे, कधी येतो आणि किती वेळ टिकतो, हे तीन प्रश्न आधी विचारावे लागतात.

मुंबईत दहापैकी बहुतेक तक्रारी कुबट वासाच्या असतात: एसी लावल्यावर पहिली एक-दोन मिनिटे ओल्या मोज्यांसारखा भपकारा आणि मग तो विरून जातो. डॅशबोर्डच्या मागे कूलिंग कॉइल असते. ती गार असल्यामुळे हवेतला दमटपणा तिच्यावर पाणी होऊन साचतो, जसा पाण्याच्या गार तांब्यावर साचतो. हे पाणी एका बारीक नळीने गाडीखाली ठिबकते. गाडी बंद केल्यावर ओली कॉइल काळोखात, उबेत, धुळीसकट तशीच राहते आणि तिच्यावर बुरशी व जिवाणूंचा थर धरतो. दुसऱ्या दिवशीचा पहिला झोत त्या थरावरून येतो. जुलैच्या दमट हवेत कॉइल वाळायला वेळच मिळत नाही. उपाय साधा आहे: घर येण्याआधी चार-पाच मिनिटे एसी बंद करून पंखा जोरात चालू ठेवावा आणि बाहेरची हवा घेण्याचे बटण दाबावे. मुरलेल्या वासासाठी कॉइल स्वच्छ करणारा फेस मारून घ्यावा लागतो. एअर फ्रेशनर लावल्याने कुबट वासात गुलाब मिसळतो, एवढेच होते. मी स्वतः एका पावसाळ्यात कापराच्या वड्या ठेवून पाहिल्या आणि महिनाभर गाडीत ओल्या देवघराचा वास सहन केला.

कुबट वास पहिल्या मिनिटांपुरता न राहता सतत येत असेल तर आत येणारी हवा गाळणारा केबिन फिल्टर पाहावा. बहुतेक गाड्यांत तो ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि पाच मिनिटांत निघतो. काही स्वस्त मॉडेलांत तो दिलेलाच नसतो, तेव्हा मेकॅनिकने तो बदलल्याचे सांगितले तर जुना दाखवायला सांगावे. बॉनेट आणि समोरच्या काचेच्या मधल्या खाचेत, जिथून बाहेरची हवा आत घेतली जाते, गुलमोहर आणि पर्जन्यवृक्षाची पाने पडून कुजतात. झाडाखाली गाडी लावणाऱ्याने ती खाच पावसाआधी हाताने साफ करावी. त्याच वाटेने घुशी-उंदीरही शिरतात. असह्य, दिवसागणिक वाढणारा कुजका वास बहुतेकदा ब्लोअरपाशी, म्हणजे एसीची हवा ढकलणाऱ्या पंख्यापाशी, मेलेल्या उंदराचा असतो, आणि तो काढल्याशिवाय त्यावर उतारा नाही.

काही वास गाडीचे नसतातच. माहीम कॉजवेवर येणारा आणि पुढे वांद्र्याला नाहीसा होणारा वास मिठी नदीचा असतो. देवनारच्या कचराभूमीजवळ किंवा माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या पट्ट्यात येणारा वासही तसाच. आतली हवा फिरवण्याचे बटण दाबल्यावर तो कमी होत असेल तर गॅरेज गाठण्याची गरज नाही.

याउलट तीन-चार वासांकडे दुर्लक्ष करू नये, आणि बेंझिनच्या भीतीत नेमके तेच निसटतात. गोड, सरबतासारखा वास आणि काचेवर आतून चिकट धुके येत असेल तर हीटरच्या कॉइलमधून कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारे द्रव, गळत असण्याची शक्यता असते. कूलंटच्या टाकीतली पातळी उतरते आहे का ते इंजिन गार असताना पाहावे. करपट वास येत असेल तर एसी लगेच बंद करावा, कारण तो पट्टा घसरल्याचा किंवा ब्लोअरची मोटर अथवा वायर तापल्याचा असू शकतो. धुराचा वास आत येणे अधिक गंभीर, कारण त्याबरोबर येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो. सीएनजीच्या गाडीत कुजक्या कोबीसारखा वास आला तर तो, मूळच्या बिनवासाच्या गॅसात गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा असतो: गाडी बाजूला घ्यावी, इंजिन बंद करावे, दारे उघडून सर्वांना उतरवावे, डिकीतल्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करावा आणि आसपास काडी पेटू देऊ नये.

काचा उघडण्याचा सल्ला तेवढा ठेवण्यासारखा आहे, कारण निराळे. उन्हात उभ्या गाडीतली हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी गरम असते. ती आधी बाहेर घालवली तर एसीला तीच हवा गार करत बसावे लागत नाही. कोंडीत नव्हे, पार्किंगमध्येच मिनिटभर दारे उघडी ठेवली की काम होते.

आमच्या गटावरच्या एका काकांनी मात्र ती शेवटची ओळ वाचून एका गॅरेजमध्ये गॅस भरून घेतला होता. आठवड्याने वास तसाच होता. त्यांच्या शेजारच्या सीटसमोरची चटई मी उचलली तेव्हा खालचा नमदा पिळता येईल इतका ओला होता. गाडीखाली वाकून पाणी ठिबकण्याच्या नळीत एक पातळ तार हलक्या हाताने घातली, तर आधी चिखल झालेल्या पानांचा गोळा निघाला आणि मागोमाग तांब्याभर काळपट पाणी पार्किंगच्या फरशीवर आले.