खिशातल्या पिस्तुलाला दोन स्टार: दुकानाकडून उत्तर

नमस्कार. तुमचा रिव्ह्यू वाचला. तक्रारी थोडक्यात अशा: आमच्याकडून .३८० एसीपी या काडतुसाचं छोटं पिस्तूल घेतलं, महिनाभर खिशात बाळगून मग रेंजवर नेलं, तर काडतुसांच्या पहिल्याच डब्यात चार-पाच वेळा अडकलं. एकदा काडतूस उडालंच नाही आणि चाप पुन्हा ओढला तर काहीच हललं नाही. झटका फार, पंधरा मीटरवर नेम लागत नाही, आणि एवढ्याच पैशात मोठं पिस्तूल आलं असतं. काउंटरवर विचारलं तर ‘दोनशे गोळ्या जाऊ द्या, मोकळं होईल’ एवढंच उत्तर मिळालं. पिस्तूल तुम्ही तपासणीला ठेवून गेलात, म्हणून हे अंदाजाने नाही, उघडून बघून लिहितो आहे. असं पिस्तूल घेऊ पाहणारे इतरही इथे येतात, त्यामुळे जरा सविस्तर.

तुमच्या पिस्तुलात अडकण्याचे दोन वेगळे प्रकार आहेत आणि त्यांची कारणंही वेगळी आहेत. पहिल्यात रिकामी पुंगळी बाहेर पडता पडता स्लाइडच्या, म्हणजे वरच्या सरकत्या भागाच्या, तोंडात उभी राहते. एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे पुंगळी ओढून काढणाऱ्या भागाच्या, नखीखाली तेल आणि कापडाचे तंतू मिळून झालेला काळा घट्ट बोळा होता, ब्रशने निघेना, लाकडी काडीने उचकटावा लागला. नखी पूर्ण मिटत नसेल तर पुंगळीच्या कडेवरची पकड ढिली पडते, आणि पुंगळी तिला बाहेर फेकणाऱ्या इजेक्टरवर आपटण्याआधीच तिरकी होते. हे तंतू खिशातले. होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, ‘फुकटचा खर्च’ म्हणून घेतला नाही, असं तुम्हीच लिहिलं आहे. पण खिशातला होल्स्टर तीन कामं करतो: चाप झाकतो, पिस्तूल उभं ठेवतो आणि कचरा अडवतो. यातलं पहिलं काम इतकं महत्त्वाचं आहे की होल्स्टरशिवाय भरलेलं पिस्तूल खिशात ठेवूच नका. त्या खिशात दुसरं काहीही नको, किल्ली नको, नाणं नको, पेन तर नकोच.

याच प्रकाराला दुसरंही एक कारण असतं, ते म्हणजे मनगट. गोळी सुटली की स्लाइड मागे जाते ती स्थिर फ्रेमच्या, म्हणजे मुठीच्या सांगाड्याच्या, आधारावर. हात ढिला असेल तर फ्रेमही तिच्याबरोबर मागे सरकते, स्लाइडचा वेग वाया जातो आणि ती पूर्ण मागे पोचत नाही. जड पिस्तुलाचं वजनच ही चूक सांभाळून घेतं. तुमचं रिकामं पिस्तूल २७० ग्रॅमच्या आसपास आहे, ते काहीही सांभाळून घेत नाही. मूठ घट्ट, मनगट ताठ, आणि अंगठा स्लाइडला घासत नाही ना हे बघा. एवढ्या छोट्या मुठीत अंगठा नकळत वर सरकतो.

दुसऱ्या प्रकारात स्लाइड पुढे येते, पण वरच्या काडतुसाला मागून ढकलण्याऐवजी त्याच्या अंगावरून सरकते आणि त्याला दाबून धरते. हे फक्त एकाच मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसांच्या पेटीत, होत होतं. दोन्ही मॅगझिन शेजारी ठेवली तेव्हा एकाचे ओठ, म्हणजे काडतूस धरणाऱ्या वरच्या कडा, दुसऱ्यापेक्षा किंचित फाकलेले डोळ्यांनाही दिसले, आणि त्याची स्प्रिंगही मऊ लागली. छोट्या पिस्तुलात स्लाइडचा प्रवास काडतुसाच्या लांबीपेक्षा जेमतेम जास्त असतो. तेवढ्या क्षणात मॅगझिनच्या स्प्रिंगने पुढचं काडतूस वर आणून उभं केलं पाहिजे. मोठ्या पिस्तुलात थोडी मऊ स्प्रिंग खपून जाते, इथे खपत नाही. म्हणून दोन्ही मॅगझिनवर रंगाने क्रमांक घाला. कोणतं पिस्तूल अडकतं यापेक्षा कोणतं मॅगझिन अडकतं, हा प्रश्न जास्त वेळा उपयोगी पडतो. फाकलेलं मॅगझिन पक्कडीने वाकवून सरळ करू नका. आम्ही ते बदलून दिलं आहे.

आता न उडालेलं काडतूस. त्याच्या प्रायमरवरचा, म्हणजे बुडातल्या पेट घेणाऱ्या टोपीवरचा, ठसा उथळ आहे. प्रायमरला ठोका देणाऱ्या फायरिंग पिनच्या वाटेत तेल भरलेलं होतं. तेल धूळ ओढतं, घट्ट होतं आणि पिनला मध्येच थोपवतं, म्हणून ती वाट कोरडी ठेवायची. तेल फक्त स्लाइडच्या खाचांना, बॅरलच्या बाहेरच्या घासणाऱ्या भागाला आणि हॅमरच्या, म्हणजे पिनवर आपटणाऱ्या हातोडीच्या, जोडाला, प्रत्येकी एक थेंब. स्प्रेने तर मारूच नका, आत झिरपणारं तेल प्रायमरही निकामी करू शकतं. चाप दुसऱ्यांदा ओढल्यावर काही झालं नाही, हा मात्र बिघाड नाही. या रचनेत हॅमर अर्धा ताणायचं काम स्लाइड करते, चाप उरलेलं करतो. स्लाइड हलली नाही तर दुसरा ठोका बसतच नाही. उपाय एकच: मॅगझिनच्या बुडावर तळहात मारा, स्लाइड पूर्ण मागे ओढून सोडा. रेंजवर मात्र असं काडतूस लगेच बाहेर काढू नका. नळी निशाणाकडे ठेवून तीस सेकंद थांबा, कधीकधी ते उशिरा उडतं.

काउंटरवरच्या ‘दोनशे गोळ्या’ या उत्तराबद्दल. नव्या, घट्ट बसवलेल्या पिस्तुलाला पृष्ठभाग घासून मोकळे व्हायला थोडा वेळ लागतो हे खरं. पण तो आकडा तपासणीची मर्यादा म्हणून घ्यायचा, सबब म्हणून नाही. आधी पिस्तूल साफ करून हलकं तेल द्या, कारखान्यातलं साठवणुकीचं ग्रीस आतच असतं. मग गोल टोकाची साधी जॅकेटवाली (गोळीवर धातूचं आवरण असलेली) दीडशे काडतुसं, दोन्ही मॅगझिन आलटून पालटून. त्यानंतर जी काडतुसं खिशात बाळगणार आहात त्याच जातीची पन्नास, त्यातली काही एका हाताने. ही शेवटची पन्नास एकदाही न अडकता गेली पाहिजेत. अडकलंच तर लिहून ठेवा: कोणतं मॅगझिन, कितवं काडतूस, पुंगळी अडकली की भरलेलं काडतूस. दोनशेनंतरही तोच प्रकार तसाच येत असेल, तर वाट बघण्यात अर्थ नाही, पिस्तूल कंपनीकडे गेलं पाहिजे. आणि ही तपासणी बाळगण्याआधी करायची, महिनाभर बाळगल्यानंतर नाही.

काडतुसांवर जरा जास्त लिहितो, कारण थोडी अडचण तिथेही आहे. तुम्ही वापरलेल्या हॉलो पॉइंटचं, म्हणजे टोकाला पोकळ, लागल्यावर फुलणाऱ्या गोळीचं, तोंड रुंद आणि बोथट आहे, ते फीड रॅम्पच्या, म्हणजे काडतूस बॅरलमध्ये चढवणाऱ्या उताराच्या, कडेला टेकतं. दुसऱ्या कंपनीचं थोडं निमुळतं काडतूस याच पिस्तुलातून सुरळीत चढतं. डब्यावर ‘प्लस पी’, म्हणजे जास्त दाबाचं, असं लिहिलेलं .३८० घेऊ नका. या काडतुसासाठी अमेरिकेच्या सामी या प्रमाण ठरवणाऱ्या संस्थेचं प्लस पी असं मापच नाही, म्हणजे त्या दोन शब्दांमागे कोणता दाब आहे ते डबा सांगत नाही. पावणेतीन इंची बॅरलमधून गोळीला वेगही कमी मिळतो. अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेच्या चाचणीत गोळी शरीरासारख्या जेलीत झाडतात, तिथे १२ ते १८ इंच, म्हणजे साधारण ३० ते ४५ सेंटिमीटर आत शिरणं अपेक्षित असतं. .३८० मध्ये बऱ्याचदा गोळी नीट फुलली तर खोली कमी पडते, आणि जाड कपड्यातून जाताना तोंड बुजलं तर ती फुलतच नाही. म्हणून काही जाणकार मुद्दाम साधी गोल टोकाचीच गोळी ठेवतात. ती आरपार जाण्याचा धोका जास्त, पण चढते मात्र न अडकता. यात बिनतोट्याचा पर्याय नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या डब्यातच सापडली. रोज रात्री पिस्तूल रिकामं करून सकाळी तेच काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, चढवलं की गोळी प्रत्येक वेळी रॅम्पवर आपटून पुंगळीत आत ढकलली जाते. तुमचं एक काडतूस नव्याशेजारी टेबलावर उभं केलं तर स्पष्ट आखूड दिसतं. आतली जागा कमी झाली की दाब धोकादायक वाढतो. असं काडतूस झाडायचं नाही, बाजूला काढायचं.

झटक्याबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे, आणि त्यावर उपाय नाही. काडतूस तेच ठेवून पिस्तुलाचं वजन निम्मं केलं की झटक्याची ऊर्जा दुप्पट होते. नेमाबद्दल मात्र थोडा अन्याय केलात. हे पिस्तूल तीन ते सात मीटरसाठी आहे. गोळ्या सतत खाली-डावीकडे जात असतील आणि तुम्ही उजव्या हाताने झाडत असाल, तर दोष बहुधा साइटचा नसून चाप ओढण्याचा आहे. मूठ छोटी असल्याने चाप ओढताना अख्खी मूठ आवळली जाते. खोटी काडतुसं घालून कोरडा सराव करा. त्या खोलीत खरं काडतूस एकही नको.

रिव्ह्यूखाली कोणी .२२ सुचवलं आहे. झटका कमी हे खरं, पण .२२ सारख्या रिमफायर काडतुसाचा प्रायमर बुडाच्या कडेत भरलेला असतो आणि न उडण्याचं प्रमाण जास्त. .३२ एसीपीला बुडाशी अर्धवट रिम, म्हणजे थोडी बाहेर आलेली कड, असते. आखूड हॉलो पॉइंट घातले की मॅगझिनमध्ये वरची रिम खालचीच्या मागे अडकू शकते. आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर ढिल्या मनगटाने अडकत नाही, खिशातूनही झाडता येतं, पण चाप लांब आणि जड, आणि अडलंच तर तिथल्या तिथे सुटत नाही.

राहिला पैशाचा मुद्दा. छोटं म्हणजे स्वस्त, असं बंदुकीत होत नाही. सुटे भाग जवळपास तितकेच, चुकीला जागा कमी, आणि स्लाइडला परत पुढे आणणारी रिकॉइल स्प्रिंग लवकर थकते. साधारण हजार-दीड हजार गोळ्यांनंतर ती बदलायची तयारी ठेवा, नेमका आकडा मॅन्युअलमधला माना. .३८० ची काडतुसंही बहुतेक वेळा ९ एमएमपेक्षा महाग पडतात. म्हणजे प्रत्येक गोळीमागे हिशोब केला तर तुमचाच आकडा खरा: मोठं पिस्तूल फायद्याचं. तुमच्या कपड्यांत अर्ध्या किलोचं ९ एमएम रोज लपत असेल, तर तेच घ्या, आम्ही बदलून देऊ. लपत नसेल आणि ते घरीच राहणार असेल, तर हिशोब बदलतो. पहिलं आणि एकमेव पिस्तूल म्हणून, शिकण्यासाठी, आम्ही हे कोणाला सुचवत नाही.

रुगरने २००८ साली आपल्या सुरुवातीच्या एलसीपी या छोट्या .३८० पिस्तुलांना परत बोलावलं होतं, पडल्यावर गोळी सुटण्याच्या शक्यतेमुळे. जुनं पिस्तूल घेणाऱ्यांनी सिरियल क्रमांक कंपनीकडे तपासूनच घ्यावं. तुमच्या क्रमांकावर अशी कोणतीही सूचना नाही.

पिस्तूल तयार आहे: एक्स्ट्रॅक्टर आणि पिनची वाट साफ, एक मॅगझिन नवं. होल्स्टर आमच्याकडूनच घ्या असं नाही, पण घ्या. पुन्हा अडकलं तर साफ न करता तसंच आणा, दोन्ही मॅगझिन, उरलेली काडतुसं आणि रिकाम्या पुंगळ्यांसकट. पुंगळीच्या कडेवरचे ओरखडे बघितले की एक्स्ट्रॅक्टर बदलायचा की पिस्तूल कंपनीकडे पाठवायचं, ते तिथेच कळेल. पाठवणी आमच्याकडून.