देतो खरं...

निवृत्त झाल्यावर माणसानं काय करावं, यावर आमच्या बेळगावातल्या वडगावात प्रत्येकाचं मत असतं. माझं मत होतं, दुपारी झोपावं. सौ.चं मत पडलं, कुंदा विकावा. तिचा कुंदा चांगला होतो, यात वाद नाही. दूध आटत आलं की किंचित फाडायचं, दाणा धरू द्यायचा आणि मग साखर घालून बदामी रंग येईपर्यंत उलथनं थांबू द्यायचं नाही. उलथनं माझ्या हातात असतं, म्हणून तो ‘तिचा’ कुंदा.

घराची पुढची खोली रिकामीच होती. पुतण्यानं मोबाईलवर छोट्या धंद्यांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी करून दिली. आधार नंबर, ओटीपी, दहा मिनिटं, खर्च शून्य. मी सौ.ला म्हणालो, “लोक उगाच सरकारला नावं ठेवतात.” हे वाक्य पुढं पाच महिने मी रोज थोडं थोडं गिळत होतो.

कारण खरा परवाना मोबाईलवर नव्हता, एका खिडकीत होता. सरकारनं १ नोव्हेंबर २०१४ला गावाचं नाव बेळगावी केलं. माझ्या घराच्या कागदावर बेळगाव, आधारवर बेळगावी. खिडकीतल्या साहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, “ह्यातलं तुमचं गाव कुठलं, सर?” सीमाभागात हाच प्रश्न पिढ्यान् पिढ्या चाललाय, सुप्रीम कोर्टात २००४पासून पडून आहे आणि मी तो जेवणाच्या सुट्टीआधी निकालात काढावा, अशी त्यांची अपेक्षा!

“लायसन्स देतो खरं...” साहेब म्हणाले.

पुण्या-मुंबईचा माणूस इथं खूश होऊन घरी गेला असता. आमच्याकडं ‘पण’ला ‘खरं’ म्हणतात. ‘देतो खरं’ म्हणजे ‘देतो, पण’. त्या ‘खरं’नंतर जे येतं त्याला व्यवसाय सुरू करणं म्हणतात. घरपट्टीची पावती आणा. ती आजोबांच्या नावावर. मग वारसाचा कागद आणा. तो आणला तर ‘सर्वर इल्ला’, म्हणजे सर्वर नाही. “नाळे बन्नी.” उद्या या.

नव्वदच्या दशकात कर्नाटकात लोक दारावर ‘नाळे बा’ लिहीत. रात्री भूत यायचं, ‘उद्या ये’ वाचून परत जायचं, दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. तेव्हा मी हसलो होतो. आता त्या भुताची हालत मला नीट कळते. शिवाय मी स्वतः तीस वर्षं एका शाळेच्या ऑफिसात बसून दाखल्यासाठी आलेल्यांना ‘उद्या या’ म्हणत होतो, ही गोष्ट सौ.नं या काळात दोनदाच काढली. दोन्ही वेळा जेवताना.

फलकाचं वेगळंच. नामफलकावर साठ टक्के कन्नड हवं, तेही वरच्या बाजूला, असा २०२४ला कायदा दुरुस्त झालाय. शाळेत मला कुठल्याच भाषेत साठ टक्के पडले नव्हते. फलक रंगवणारा पट्टी-पेन्सिल घेऊन बसला. उरलेल्या चाळीस टक्क्यांत मराठी, फोन नंबर आणि गणपती. बराच वेळ डोकं खाजवून म्हणाला, “मामा, गणपती कुठल्या भाषेत धरू?”

वजनकाट्यावर दरवर्षीचा शिक्का झाला, एकोणीस किलोचा निळा सिलिंडर झाला, वर्षाला १०० रुपयेवाली अन्नाची नोंदणी होऊन चौदा आकडी नंबरही आला. इतकं सगळं तपासलं, खरं कढईत कुणी डोकावलं नाही. मी डबा भरून चव द्यायला नेला होता. तो तेवढा ठेवून घेतला.

परवाना फ्रेम करून गणपतीशेजारी लावला आणि त्याच संध्याकाळी माझ्या लक्षात आलं, की या देशात धंद्यावर कुणाचा वचकच राहिलेला नाही. समोरच्या बोळात एक पोरगा घडीचं टेबल मांडून कुंदा विकत होता. ना फलक, ना शिक्का, ना चौदा आकडे.

“उद्या कुणीही ऐरागैरा कढई घेऊन बसेल!” मी कट्ट्यावर गरजलो. “कडक नियम पाहिजेत!”

“गेल्या आठवड्यात तर सगळी लायसन्सं जाळा म्हणत होतास की,” कट्ट्यावरचा एक मित्र म्हणाला.

“गेल्या आठवड्यात माझ्याकडं नव्हतं.”

त्यातच जुलै २०२५मध्ये यूपीआयवरची उलाढाल बघून कर्नाटकात छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या. बेंगळुरात लोकांनी क्यूआर कोड काढून ‘फक्त रोख’ लिहिलं. मालाच्या विक्रीला वर्षाला चाळीस लाखांपर्यंत सूट असते. आमचा खप बघता तिथवर पोचायला नातवंडांना हातभार लावावा लागेल. तरी दोन दिवस मी क्यूआर कोडवर कॅलेंडर टांगून ठेवलं. पोरग्याकडं कोडच नव्हता. म्हणजे यातही तोच सुटला!

मी तक्रार घेऊन खिडकीवर गेलो.

“त्याचा लायसन्स नंबर?”

“तो नाही, म्हणून तर आलोय.”

“नंबर नाही म्हणजे दुकान नोंदलेलं नाही. नोंदलेलं नाही ते आमच्याकडं दुकानच नाही. मग नोटीस कुणाला काढू?” साहेबांनी माझी फाईल पुढं ओढली. “तुमचा नंबर मात्र आहे. नूतनीकरण कधी आहे तुमचं?”

मी उठलोच. ते मागून म्हणाले, “नमुना तरी घेऊन या, बघतो खरं...”

येताना पुरावा म्हणून पोरग्याकडनं पाव किलो घेतला. द्रोणात बांधून दिला, वर “काका, गरम आहे, सावकाश” म्हणाला. बोळ ओलांडेपर्यंत पुरावा अर्धा झाला. उरलेला सौ.पुढं ठेवला. तिनं चिमूटभर जिभेवर टाकली, डोळे मिटले, बोटांत दाणा चोळून पाहिला.

“तक्रार करा तुमी,” ती म्हणाली, “खरं आधी अजून पाव किलो आणा.”