सभापतीसाहेब, मुलं मोजा, पण जपून

जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीचं सभापतिपद मिळाल्याबद्दल अभिनंदन. बांधकाम समिती हुकली म्हणून मन खट्टू करू नका. शिक्षणातही बांधकाम असतंच, फक्त ते पडल्यावर दिसतं.

पहिली गोष्ट. तुमच्या खुर्चीखाली 2009 चा शिक्षण हक्क कायदा आहे. बैठकीत कुणी त्याचं कलम 9 वाचायला लागलं, की फोन आल्याचं निमित्त करून उठा. स्थानिक प्राधिकरणानं काय काय करायचं, याची यादी तिथे दिली आहे. वस्तीजवळ शाळा द्यायची, इमारत द्यायची आणि हद्दीतल्या चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या नोंदी ठेवायच्या. 'जवळ' म्हणजे किती, हेही राज्याच्या नियमांनी ठरवून टाकलंय : पाचवीपर्यंत 1 किलोमीटर, आठवीपर्यंत 3. घाबरू नका. अंतर आपण नकाशावर मोजतो आणि नकाशावरच्या ओढ्याला पूर येत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. पहिलीत येणारं मूल सहा वर्षं आधी जन्माला आलेलं असतं आणि ही गोष्ट गुप्त राहत नाही. ग्रामपंचायतीत जन्माची नोंदवही असते, 1969 च्या कायद्यापासून. कुठल्या गावात कुठल्या जूनला किती पोरं दप्तर घेऊन दारात उभी राहणार, याचा आकडा तिथे सहा वर्षं पडून असतो. ती वही आणि शाळेचा दाखलखारीज रजिस्टर (मुलं आल्या-गेल्याची नोंद) कुणी शेजारी शेजारी ठेवले, तर नियोजन नावाचा प्रकार एका दुपारी उरकेल. मग समिती कशाला, उपसमिती कशाला आणि शेजारच्या राज्यातला अभ्यासदौरा तरी कशाला? सुदैवानं ही दोन कपाटं दोन वेगळ्या खात्यांकडे आहेत. ती तशीच राहू द्या. तुम्ही दर जूनला फक्त चकित व्हा. चकित झालेल्या माणसाला कुणी जाब विचारत नाही, उलट पाणी आणून देतात.

शाळा व्यवस्थापन समितीतले पालक तीन वर्षांचा शाळा विकास आराखडा करतात. दर वर्षी कुठल्या इयत्तेत किती मुलं असतील, याचा अंदाज त्यात द्यायचा असतो. तो वेळेत आला नाही तर खुलासा मागवा. वेळेत आला तर 'नोंद घेतली' असा शेरा मारा.

म्हणजे मुलं मोजायचीच नाहीत का? छे, मोजायची! 30 सप्टेंबरला. त्या दिवशीच्या पटावर संचमान्यता होते, शिक्षक किती ठेवायचे आणि किती 'अतिरिक्त' ठरवायचे ते ठरतं. कायद्याच्या परिशिष्टात साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आहेत आणि एकसष्टाव्या मुलाला तिसरा मिळतो. त्यामुळे सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मुख्याध्यापक एकसष्टावं पोर शोधत वाड्यावस्त्या पालथ्या घालतात. ते पोर सापडतं, पटावर येतं आणि दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीला निघून जातं. तारीख बरोबर, पट बरोबर, पोर तेवढं फडावर. याच्या उलटही एकदा झालं होतं. ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली, तेव्हा हजेरीपटावरची लाखो मुलं वर्गात सापडलीच नाहीत. तात्पर्य काढू नका. आपण मोजतो ते वजाबाकीसाठी, एवढं ध्यानात राहिलं तरी मुदत निभते.

वजाबाकीची भाषा मात्र सांभाळा. 2017 च्या अखेरीस दहाच्या आतल्या पटाच्या सुमारे 1,300 शाळांबाबत निर्णय झाला, तेव्हा 'बंद' या शब्दानं फार गोंधळ घातला. सप्टेंबर 2023 मध्ये वीसच्या आतल्या शाळा एका ठिकाणी आणण्यासाठी 'समूह शाळा' हा शब्द आला, पानशेत आणि तोरणमाळ इथल्या अशा शाळांचे दाखले देऊन. किती प्रेमळ शब्द! ऐकल्याबरोबर बंद होणाऱ्या शाळेचीही समजूत पटावी. पाच पोरांच्या शाळेत कबड्डीचा एक संघसुद्धा उभा राहत नाही, हे मलाही कळतं. त्या पोरांना सोबत मिळाली तर बरंच आहे. फक्त समूहापर्यंत नेणारी गाडी कुणाची, डिझेल कुणाचं आणि पावसाळ्यात ओढ्याच्या अलीकडे ती किती वेळ थांबणार, हे प्रश्न तुम्ही स्वतः काढू नका. पालक काढतील. तेव्हा 'शासनस्तरावर विचाराधीन' म्हणा.

आता इमारतींकडे येऊ. तुमचा कस इथेच लागेल.

कायद्याला सर्व ऋतूंत टिकणारी इमारत हवी आहे. दर शिक्षकामागे किमान एक खोली, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, मैदान, कुंपण. मुदत 31 मार्च 2013 ला संपली. पण हताश होऊ नका. ऋतू तीन, त्यातले दोन आपल्या इमारती सहज काढतात. म्हणजे सहासष्ट टक्के झाले आणि पास व्हायला पस्तीस पुरतात.

उरला पावसाळा. स्लॅब गळायला लागला की दुरुस्तीचा प्रस्ताव येतो. प्रस्ताव मागे ठेवा आणि रंगरंगोटी पुढे घ्या. बोलक्या भिंती करा, बाराखडी काढा, पाढे काढा, कोपऱ्यात सूर्यमाला. ओल आली की शनीभोवती आणखी एक कडं दिसतं. ज्ञानात भरच.

खोली फारच झाली तर एक जुना, खात्रीचा मार्ग आहे : निर्लेखन. पडायला आलेली खोली कागदोपत्री मोडीत काढल्याशिवाय पाडता येत नाही. मुख्याध्यापकाचं पत्र, व्यवस्थापन समितीचा ठराव, गटशिक्षणाधिकाऱ्यांची शिफारस, अभियंत्याचा दाखला, मूल्यांकन, मग जिल्ह्याला फाईल. तिथे एक सही राहिलेली सापडते आणि फाईल पुन्हा गावाकडे निघते. तोवर दारावर लाल रंगात 'धोकादायक' लिहून ठेवतात, पहिलीतल्या पोरांना 'ध' शिकायला बरं. जुनी पाडता येत नाही आणि जुनी उभी आहे म्हणून नवी मागता येत नाही. वर्ग मारुतीच्या देवळात भरतो. तिथलं छत मात्र गळत नाही, ते लोकवर्गणीचं आहे.

ऑगस्ट 2017 मध्ये नगर जिल्ह्यातल्या निंबोडीत पावसात जिल्हा परिषद शाळेचं छत कोसळलं आणि तीन मुलं गेली. या ठिकाणी तुम्हाला काय सल्ला द्यावा, हे मला सुचत नाही.

पैशांची काळजी मात्र सोडा. शाळा दत्तक द्यायची योजना सप्टेंबर 2023 पासून आहे. देणगीदारानं ठरलेल्या मुदतीसाठी ठरलेली मदत द्यायची आणि शाळेच्या नावाला आपल्या पसंतीचं नाव जोडून घ्यायचं. पोरं कुणाची हे जन्माच्या वहीत असतं, शाळा कुणाची हे पाटीवर असेल.

तालुक्याच्या गावी नगरपालिकेत तुमचे मेहुणे बसतात असं ऐकलं. त्यांचं काम तुमच्याहून सोपं आहे, त्यांना काहीच करायचं नाही. विकास आराखड्यात एखादा भूखंड 'प्राथमिक शाळा' म्हणून राखीव असतो. 1966 च्या नगररचना कायद्याचं कलम 127 सांगतं, की दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतरच्या चोवीस महिन्यांतही हालचाल झाली नाही, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. बारा वर्षांचं मौन! एक तप म्हणतात ते हेच. तपाचं फळ म्हणून त्या भूखंडावर सात मजले उभे राहतात, खाली गाळे, वर दोन-दोन खोल्यांचे फ्लॅट आणि फ्लॅटमध्ये लहान मुलं. मग मेहुणे तुम्हाला फोन करतील, की अहो, ही एवढी पोरं अचानक आली कुठून?

चकित व्हायचं कसं, ते तुम्ही त्यांना शिकवा.

बाकी शाळाभेटीचा कार्यक्रम स्वीय सहायकाला सांगून डिसेंबरात लावून घ्या. हवा छान असते, छत कोरडं असतं. सत्कार पटांगणात, खुर्च्या भिंतीपासून जरा लांब.