एकच डबा सगळ्या फोमना का चालत नाही

नमस्कार. आपली प्रतिक्रिया लक्षपूर्वक वाचली. फोमच्या प्रत्येक प्रकाराला वेगळा गोंद सुचवून मी साधे काम विनाकारण अवघड केले, असा आपला आक्षेप आहे. सोफ्याच्या कामात आपण वर्षानुवर्षे कॉन्टॅक्ट ॲडेसिव्हचा (दोन्ही बाजूंना लावून, थोडा सुकल्यावर दाबायच्या गोंदाचा) एकच डबा वापरता आणि थर्मोकोलवरही त्याने कधी दगा दिला नाही, असे आपण लिहिता. सोफ्याबद्दलचे आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. थर्मोकोलबद्दलचे मात्र मान्य नाही, आणि ते सविस्तर सांगायला हवे, कारण आपल्या शब्दावर विसंबून कोणी छताच्या इन्सुलेशनचे ठोकळे या गोंदाने चिकटवायला घेतले, तर माल त्याचा वाया जाईल.

सोफ्याचा फोम पॉलियुरेथेनचा असतो. त्याची छिद्रे एकमेकांत उघडतात, तोंड लावून फुंकले तर हवा आरपार जाते, आणि आपल्या डब्यातल्या एसआर, म्हणजे कृत्रिम रबराच्या, गोंदातल्या टोल्युइनसारख्या द्रावकात तो विरघळत नाही. गोंद सुकला तरी रबरासारखा लवचिक राहतो, म्हणून बसल्यावर जोडही फोमबरोबर दबतो आणि उठल्यावर वर येतो. तिथे पांढरा फेव्हिकॉल लावला, तर जोडाची रेघ ताठ होते आणि कापडाखालून हाताला लागते. आपल्या कामाला आपला डबा योग्यच आहे.

थर्मोकोल मात्र फुगवलेले पॉलिस्टायरीन असते आणि त्याच्या आकारमानाचा सुमारे ९८ टक्के भाग नुसती हवा असते. टोल्युइन त्या मण्यांच्या पातळ भिंती विरघळवते. ब्रशचा एक पट्टा ओढून पाहा: मणी जागच्या जागी खचू लागतात आणि थोड्याच वेळात तिथे चकचकीत, चिकट चर पडलेला दिसतो. त्याहून वाईट म्हणजे गोंद ओला असतानाच दोन ठोकळे दाबले, तर आत कोंडलेले द्रावक पोखरण्याचे काम चालूच ठेवते आणि बाहेरून जोड ठीक दिसत राहतो.

मग आपल्याला त्रास का झाला नाही? आपण बहुधा प्लायला गोंद लावून तो पुरता सुकू दिला असेल आणि मग त्यावर थर्मोकोल दाबले असेल. द्रावक आधीच उडून गेले की थर्मोकोलला खाणारे काही उरत नाही. पण कॉन्टॅक्ट ॲडेसिव्हची खरी पकड दोन्ही पृष्ठभागांवर थर असतानाच येते, त्यामुळे तो जोड अर्ध्या ताकदीचाच राहतो. थर्मोकोलला न खाणाऱ्या द्रावकाचे स्प्रेही मिळतात, आपण तसा वापरला असण्याचीही शक्यता आहे. डब्यावर पॉलिस्टायरीनवर चालतो असा स्पष्ट उल्लेख नसेल, तर आधी तुकड्यावर थेंब टाकून पाहावा.

पांढरा फेव्हिकॉल सुकायला रात्र घेतो, ही आपली तक्रार रास्त आहे, पण एका रात्रीचा हा हिशेब प्लायच्या जोडापुरता, कारण तिथे लाकूड पाणी शोषून घेते. थर्मोकोलचे दोन रुंद ठोकळे समोरासमोर चिकटवले, तर पाण्याला वाटच राहत नाही. कडा सुकतात आणि मध्यभाग कित्येक दिवस ओला राहतो. अशा जोडाला मी ओलाव्यावर पिकणारा, म्हणजे घट्ट होणारा, पॉलियुरेथेनचा गोंद घेतो, पाण्याचा हलका फवारा मारतो आणि वर वजन ठेवतो, कारण तो पिकताना फुगतो. दोन भागांचे इपॉक्सीही चालते. ग्लू गन मात्र जपून वापरावी. पॉलिस्टायरीन साधारण १०० अंशांना मऊ पडते आणि नेहमीच्या गनमधला गोंद त्याहून बराच गरम असतो.

२०१८ साली महाराष्ट्रात थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी आल्यापासून मखरासाठी ईव्हीए फोमचा (चपलांच्या तळव्यासारख्या रबरी फोमचा) पर्याय वापरता येतो. त्याला आपलाच डबा उत्तम: दोन्ही बाजूंना पातळ थर द्यावा, बोट लावल्यावर तार ओढली जाईनाशी झाली की दाबावे, आणि पहिल्याच वेळी नेमके बसवावे, कारण नंतर सरकवता येत नाही. दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि जवळ समई किंवा निरांजन नसावे. या द्रावकाची वाफ पेट घेते.

पॅकिंगच्या पांढऱ्या, मेणचट फोमवर आपला डबा का धरत नाही, हे आपणच शेवटी विचारले आहे. तो पॉलिथिलीनचा असतो आणि त्याच्या पृष्ठभागावर बहुतेक गोंद पकडच घेत नाहीत. तिथे गोंद सोडून द्यावा. हॉट एअर गनने दोन्ही बाजू फक्त वरवर वितळेपर्यंत तापवाव्यात आणि लगेच एकमेकींवर दाबाव्यात.