पाइनवरची अळी आणि कपाशीतली भीती

चोपडा तालुक्यातील माझ्या मामांनी परवा फोन करून विचारले की, वेचणीच्या बाया शेतात उतरायला तयार नाहीत, आता काय करावे? कारण एक व्हिडिओ. त्यात केसाळ अळ्यांची लांबलचक रांग दिसते आणि खाली मजकूर असा: ही अळी कपाशीवर आली आहे, ती रांगेने माणसावर चालून येते, तिचा स्पर्श होताच पाच मिनिटांत माणूस दगावतो, म्हणून औषधाची मात्रा दुप्पट करून ताबडतोब फवारा.

व्हिडिओतली अळी भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशातील एका पतंगाची असून पाइन, देवदार अशा वृक्षांची सुईसारखी पाने हे तिचे अन्न आहे. कपाशीचे पान ती खात नाही, आणि आपल्या सातपुड्यात साग, सालई, अंजन आहेत, पाइनची वने नाहीत.

पाच मिनिटांतल्या मृत्यूचे उत्तर तर शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच मिळाले आहे. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ फाब्र यांनी या अळीचा दाहक अंश ईथर या द्रवात उतरवून, त्यात भिजवलेला कागद स्वतःच्याच हातावर बांधला. आग आणि खाजेने त्यांची झोप उडाली, कातडी लाल होऊन सुजली. पुढे हे गृहस्थ १९१५ साली, वयाच्या ९१व्या वर्षी वारले. १८९६ साली त्यांच्याकडच्या याच अळ्या एका कुंडीच्या काठावर चढल्या आणि आपणच सोडलेल्या रेशमी धाग्याच्या मागाने सात दिवस तिथेच गोल फिरत राहिल्या. माणसावर चालून येणारी फौज ती हीच!

अर्धसत्य तेवढे मान्य करावे लागते. तिच्या बारीक केसांनी त्वचेला आणि डोळ्यांना खरोखर इजा होते, क्वचित ॲलर्जीने श्वासाचा गंभीर त्रासही होतो.

‘दुप्पट मात्रा’ लिहिणाऱ्याला मात्र माफी नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, आणि ते अळीने नव्हे, औषधाने. बोंडे फुटलेल्या शेतात दुप्पट विष फवारायचे आणि त्याच शेतात बायांना उघड्या हातांनी कापूस वेचायला लावायचे, हा सल्ला काळजीपोटी पुढे पाठवला जातो, याचा संताप येतो.

मामांना सांगितले की पंप घरातच राहू द्या. कुणाला आपला नेहमीचा सुरवंट लागलाच, तर ती जागा न चोळता चिकटपट्टीने केस काढावेत, साबणाच्या पाण्याने धुवावे, आणि डोळ्यात केस गेला किंवा धाप लागली तर तडक दवाखाना गाठावा.